बाहुलीच्या पायाखालचा गालिचा : लघुरूप भरतकामाच्या समीक्षेचे काही प्रश्न (पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

वीतभर लांबीचा, हाताने भरलेला एखादा गालिचा समोर आला की पाहणाऱ्याच्या तोंडून सर्वप्रथम 'किती नाजूक!' हा उद्गार निघतो आणि बहुतेक वेळा विवेचन तेथेच संपते. महाविद्यालयांतून होणाऱ्या रुखवत व हस्तकला स्पर्धांच्या गुणपत्रिका पाहिल्या तरी 'सुबकता', 'नावीन्य', 'मांडणी' अशा तीन-चार शब्दांपलीकडे परीक्षणाची भाषा सहसा जात नाही. कविता, नाटक, चित्र, इतकेच नव्हे तर रांगोळी यांविषयी मराठीत काहीएक मूल्यमापनाची परिभाषा सिद्ध झाली आहे. सुईदोऱ्याच्या कामाविषयी, त्यातही लघुरूप कामाविषयी, ती अद्याप तयार व्हायची आहे. परिणामी 'नाजूक' हा शब्द प्रशंसेचे काम करतो आणि त्याच वेळी परीक्षकाची पुढील विचारापासून सुटकाही करतो. बाहुलीघरासाठी हाताने भरलेल्या गालिच्याकडे एक कलाकृती म्हणून पाहिल्यास तिचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करता येईल, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील देवघर, रुखवत आणि वारली चौक यांचा संदर्भ विशेष उपयुक्त ठरतो.

येथे एक अडचण प्रारंभीच नोंदवणे अगत्याचे आहे. कमला डोंगरकेरी यांनी भरतकामावर 'द रोमान्स ऑफ इंडियन एम्ब्रॉयडरी' (१९५१) आणि खेळण्यांवर 'अ जर्नी थ्रू टॉयलँड' (१९५४) अशी दोन स्वतंत्र पुस्तके मुंबईतून प्रसिद्ध केली. बाहुलीचा गालिचा ही या दोन पुस्तकांच्या सीमेवरची वस्तू होय. भरतकामाच्या अभ्यासकाला ती खेळणे वाटते आणि खेळण्यांच्या अभ्यासकाला ती भरतकाम वाटते. दोन विषयांच्या मध्ये पडलेल्या वस्तूंची उपेक्षा होण्यास एवढे कारण पुरते.

बाहुलीघर आणि भातुकली

युरोपातील बाहुलीघर मुळात मुलांसाठी नव्हते. अॅमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियममध्ये असलेले पेट्रोनेला ओर्टमन हिचे बाहुलीघर १६८६ ते १७१० या काळात सजले. श्रीमंत डच गृहिणीची ती हौस होती आणि तिच्यावर एखाद्या खऱ्या घराइतका खर्च झाल्याचे सांगितले जाते. एडविन लचेन्स या वास्तुविशारदाने मेरी राणीसाठी रचलेले बाहुलीघर १९२४ मध्ये वेम्बली येथील साम्राज्य प्रदर्शनात मांडले गेले व पुढे विंडसर किल्ल्यात ठेवण्यात आले. त्याचे प्रमाण एकास बारा, म्हणजे प्रत्यक्षातील एका फुटाला एक इंच, असे आहे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील नार्सिसा थॉर्न यांच्या अडुसष्ट लघुदालनांनाही (१९३२ ते १९४०) हेच प्रमाण आहे. पुढे हौशी कारागिरांमध्येही ते रूढ झाले आणि आज बाहुलीघरासाठी गालिचा भरणारी व्यक्ती बहुधा याच मापाने आखणी करते.

मराठी घराला लघुरूप संसार अपरिचित नव्हता. भातुकली ही त्याची सर्वांत समृद्ध परंपरा. पुण्याचे विलास करंदीकर यांनी जमवलेला भातुकलीचा संग्रह प्रदर्शनांमुळे अनेकांच्या परिचयाचा आहे. मात्र भातुकलीच्या कोणत्याही मांडणीत प्रथम डोळ्यांत भरते ते पितळ, तांबे, दगड आणि लाकूड. जाते, पाटा-वरवंटा, बंब, घंगाळ, पळी, चूल, परात अशी स्वयंपाकघराची सारी दुनिया तेथे नांदते. अंथरण्या-पांघरण्याच्या वस्तू त्या मानाने नगण्य असतात. याचे कारण उघड आहे. सारवलेल्या जमिनीवर पाट, चटई, सतरंजी किंवा घोंगडी अंथरली जाई व काम झाले की उचलली जाई. गालिच्याला कायमची जागा लागते. त्याला दिवाणखाना लागतो. भातुकलीला दिवाणखाना नाही. मुलींच्या खेळात पुरुषांची बैठक कशी यावी, असाही प्रश्न येथे विचारता येईल.

इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' या नाटकाचे अनंत काणेकरांनी केलेले रूपांतर 'घरकुल' या नावाने रंगभूमीवर आले, ही गोष्टही या संदर्भात सूचक वाटते. 'बाहुलीघर' हा शब्द मराठी प्रेक्षकाच्या मनात काही उभे करील याची खात्री रूपांतरकाराला नसावी. 'घरकुल' या शब्दात चिमुकलेपणा आला, जिव्हाळा आला, पण कुणीतरी बाहेरून आत पाहत आहे आणि आतले सारे मांडून ठेवलेले आहे, ही छटा मात्र गेली.

बोईसर-तारापूर पट्ट्यात दिवाणखाना सर्वसामान्य नोकरदाराच्या घरी आला तो वसाहतींबरोबर. तारापूरच्या अणुविद्युत केंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. त्यापाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढत गेली. वेगवेगळ्या राज्यांतून आलेली कुटुंबे एकसारख्या आराखड्याच्या घरांत राहू लागली, आणि घराघरांतला फरक दाखवण्याचे काम पडदे, उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडे व काचेचे शोकेस यांच्याकडे आले. याच औद्योगिक वसाहतीत सियाराम व डी'डेकोर यांसारख्या कंपन्यांचे कारखाने आहेत, आणि सुटिंग-शर्टिंगपासून पडद्या-सोफ्याच्या कापडापर्यंतचा माल येथील मागांवरून देशभर जातो. ज्या गावात यंत्रावर अहोरात्र कापड विणले जाते त्याच गावात कुणी तीन-चार महिने बसून नऊ इंच रुंदीचा गालिचा हाताने भरावा, यात विसंगती आहे खरी. परंतु ती विसंगती हौशीची थट्टा करण्याइतकी सोपी नाही, हे त्या कामाचा हिशेब मांडला म्हणजे कळते.

मोजणी आणि संक्षेप

नऊ फूट रुंद व बारा फूट लांब असा मध्यम प्रतीचा गाठींचा गालिचा घेऊ. दर चौरस इंचाला शंभर गाठी धरल्या तर त्यात १५,५५,२०० गाठी होतात. एकास बारा प्रमाणाने त्याचे लघुरूप नऊ इंच बाय बारा इंच होईल. इंचाला चाळीस घरे असलेल्या बारीक रेशमी जाळीवर ते भरले तर रुंदीत ३६० आणि लांबीत ४८० अशी एकूण १,७२,८०० टाक्यांची जागा मिळते. म्हणजे लघुरूपातील एक टाका मूळच्या नेमक्या नऊ गाठींचे काम करतो. आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळणारे मॅटीचे कापड घेतले, इंचाला चौदा घरांचे, तर टाके केवळ २१,१६८ मावतात आणि एका टाक्याला सुमारे त्र्याहत्तर गाठींचा भार वाहावा लागतो.

या अंकगणितात लघुरूप गालिच्याचे सारे सौंदर्यशास्त्र सामावलेले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मूळ गालिच्यात नऊ गाठींची एक पाकळी असेल तर चाळीसच्या जाळीवर तिचा एक ठिपका उरतो आणि मॅटीवर ती नाहीशीच होते. म्हणून मूळ नक्षी 'लहान करून' भरता येत नाही. ती पुन्हा रचावी लागते. कोणत्या पाकळ्या सोडायच्या, सात पट्ट्यांच्या काठातल्या कोणत्या तीन ठेवायच्या, मधल्या पदकाची कड एका रंगाच्या रेषेने उचलायची की दोन छटांनी मऊ करायची, हे निर्णय आलेखाच्या कागदावर घ्यावे लागतात. ज्याला अनुकरण म्हणून बाजूला सारले जाते त्या कामात ग्रंथाचा सारांश लिहिण्याइतकाच विवेक लागतो. उत्तम सारांशात मूळ ग्रंथाचे एकही वाक्य नसते, हे अध्यापकांना सांगण्याची गरज नाही.

काठाचा प्रश्न तर याहून अवघड. काठावरील आकृती ठरावीक टाक्यांनी पुनरावृत्त होते. ती चौदा टाक्यांची असेल तर ३६० मध्ये पंचवीस वेळा बसून दहा टाके उरतात व कोपऱ्यात आकृती तुटते. अठरा टाक्यांची असेल तर रुंदीत बरोबर वीस वेळा बसते, पण ४८० च्या लांबीत बसत नाही. बारा, पंधरा, वीस, चोवीस अशा संख्या दोन्हीकडे जुळतात, मात्र कोपऱ्यातील चौकोनांची जागा वजा केली की हा हिशेबही नव्याने करावा लागतो. म्हणून परीक्षकाने गालिचा हाती घेतल्यावर मधल्या पदकाकडे न पाहता आधी चार कोपरे पाहावेत. कोपरा वळवता आला आहे की कापून टाकला आहे, यावरून आखणी करणाऱ्याची बुद्धी समजते. मधले पदक छापील नमुन्यावरून कुणालाही उतरवता येते.

दुसरा निकष जाडीचा. खऱ्या गालिच्याची लव अर्धा इंच असेल तर एकास बारा प्रमाणात ती जेमतेम एक मिलिमीटर भरते. गाठीचे टाके घालून किंवा लोकरीचे फास कापून तीन मिलिमीटर उंचीचा मऊ थर केला तर तो हाताला छान लागतो, परंतु बाहुलीच्या मापाने ती जवळजवळ दीड इंच उंचीची लव होते. बाहुली गालिच्यावर उभी न राहता गवतात उभी राहिल्यासारखी दिसते. सहा पदरी दोऱ्याचे सारे पदर एकदम वापरण्याचा मोह येथेच नडतो. बारीक जाळीवर एकच पदर, तिरका टाका आणि बोथट टोकाची सुई हा संयम पाळावा लागतो. तिरक्या टाक्याने कापड एका अंगाला ओढले जाते. ते पुन्हा ओलसर करून, चौकटीवर ताणून काटकोनात आणले नाही तर गालिचा पतंगासारखा कलतो. दशांबाबतही तेच. मूळच्या तीन इंच दशांना येथे पाव इंच पुरतो. अर्ध्या इंचाच्या दशा सोडलेला गालिचा लगेच टेबलावरच्या रुमालासारखा दिसू लागतो.

रंगांचे गणित याहून सूक्ष्म आहे. जवळजवळचे बारीक टाके डोळ्यात मिसळतात. त्यामुळे आलेखावर स्पष्ट वेगळ्या दिसणाऱ्या दोन छटा भरल्यावर एकच मळकट रंग होतात. मोठ्या गालिच्यातील बारा छटांऐवजी लघुरूपात पाच-सहा आणि त्याही एकमेकींपासून थोड्या लांबच्या निवडाव्या लागतात. 'जास्त रंग म्हणजे जास्त मेहनत' हा स्पर्धांमधील समज म्हणूनच तपासून घेण्यासारखा आहे.

मिनिटाला दहा टाके असा सातत्याचा वेग गृहीत धरला तरी १,७२,८०० टाक्यांना २८८ तास लागतात. रोज तीन तास काम केल्यास शहाण्णव दिवस. यात आखणीचा, चुकलेले टाके उसवण्याचा व ताणून सरळ करण्याचा वेळ धरलेला नाही.

या ठिकाणी लघुरूपाविषयीच्या प्रसिद्ध सिद्धान्तांची मर्यादा दिसते. क्लोद लेव्ही-स्ट्रोस यांनी 'सॅव्हेज माइंड' (१९६२) मध्ये असे मांडले की लघुरूपात समग्राचे ज्ञान भागांच्या ज्ञानाआधी होते. वस्तू लहान झाल्याने ती एका दृष्टिक्षेपात कवेत येते आणि म्हणून सुखद वाटते. सुसान स्ट्युअर्ट यांनी 'ऑन लाँगिंग' (१९८४) या ग्रंथात बाहुलीघराचा संबंध संपत्ती आणि गतकालविव्हलता यांच्याशी जोडला. दोन्ही मते मार्मिक आहेत, पण दोन्ही पाहणाऱ्याची आहेत. सुई हाती असलेल्या व्यक्तीचा अनुभव याच्या उलट असतो. तिला शहाण्णव दिवस समग्र गालिचा दिसतच नाही. तिच्यापुढे रोज एक-दोन चौरस इंच असतात, त्यातही 'तीन लाल, एक निळा, पुन्हा दोन लाल' अशी मोजणी असते. भाग आधी, समग्र सर्वांत शेवटी. लेव्ही-स्ट्रोस यांचे सूत्र प्रेक्षकाकडून कारागिराकडे नेले की ते पालथे होते. गतकालविव्हलतेचेही तसेच. इराणी राजवाड्याच्या आठवणीने व्याकूळ व्हावे असा बोईसरच्या गृहिणीचा इराणी राजवाड्याशी काही पूर्वसंबंध नाही. नक्षीतील अवघड गणित सोडवण्याचा आनंद, हे अधिक साधे आणि अधिक पटणारे कारण दिसते.

देवघरातील आसन

मराठी घरात बाहुलीघर नव्हते असे वर म्हटले. पण लहान मापाचे घर होते, आणि त्यात भरतकाम केलेले अंथरूणही होते. ते घर म्हणजे देवघर. बाळकृष्णाची गादी, लोड, पांघरूण, पाळण्यातली उशी, देवांखालचे मखमली किंवा मॅटीवर भरलेले आसन या सर्व वस्तू घरातील स्त्रियांनी पिढ्यान्पिढ्या केल्या. पालघर-डहाणू भागात गुजराती कुटुंबांची वस्ती मोठी आहे. त्यांच्यातील पुष्टिमार्गी वैष्णव घरांतून ठाकोरजींच्या सेवेत ऋतुमानाप्रमाणे वस्त्रे व गादी-तकिये बदलण्याची रीत पाळली जाते. हाताच्या तळव्याएवढ्या गालिच्याचा आपल्याकडचा सर्वांत निकटचा पूर्वज शोधायचा तर तो विंडसरच्या बाहुलीघरापेक्षा या सिंहासनांवर सापडेल.

तथापि दोहोंत एक मूलगामी भेद आहे. देवघरात एकच एक प्रमाण नसते. बोटभर बाळकृष्ण, त्याहून मोठी अन्नपूर्णा, चांदीचा टाक, शाळिग्राम आणि शंख हे सारे शेजारी शेजारी असतात व कुणालाही त्यांच्या मापांतील विसंगती खटकत नाही. तेथील आसन हे मोठ्या आसनाचे लघुरूप नसते. ज्या देवासाठी ते केले त्याच्या मापाचे ते पूर्ण आसन असते. ते लहान आहे ही आपली दृष्टी झाली. साहजिकच प्रमाणबद्धतेचा जो निकष बाहुलीच्या गालिच्याला लावला तो येथे लागू पडत नाही. येथे क्षेमेंद्राने अकराव्या शतकात 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथात पुढे आणलेला औचित्याचा विचार अधिक उपयोगी ठरतो. कमरेची मेखला गळ्यात आणि गळ्यातील हार कमरेला घातला तर सौंदर्य हास्यास्पद होते, हा त्याचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. देवाच्या आसनावर जाड उठावाची जरी भरली आणि मूर्ती डळमळू लागली, तर काम कितीही नाजूक असले तरी ते अनुचित होय. रोज अभिषेकाचे पाणी सांडणार तेथे कच्च्या रंगाचा लाल दोरा वापरणे, हेही अनौचित्यच.

दोन निकषांतील हा फरक परीक्षकांनी ध्यानात घेतला नाही म्हणजे गोंधळ होतो. प्रमाणाला धरून केलेला, म्हणून काहीसा कोरडा दिसणारा गालिचा मागे पडतो आणि मणी, टिकल्या, लेस लावलेले आसन पुढे जाते. किंवा त्याउलट, देवाच्या आसनावर 'प्रमाण चुकले' असा शेरा मारला जातो. दोन्ही निवाडे चुकीच्या कायद्याखाली दिलेले असतात.

रुखवत : परीक्षा आणि प्रदर्शन

देवघरातून हे काम बाहेर आले ते रुखवताच्या टेबलावर. लग्नात वधूपक्षाकडून मांडल्या जाणाऱ्या रुखवतात फराळाच्या जिनसांबरोबर वधूच्या हातच्या वस्तूंचा मान असे. लोकरीची आसने, मॅटीवरचे मोर, मण्यांची तोरणे, किनाऱ्यावरील शंख-शिंपल्यांची चित्रे आणि चिमुकला मांडलेला संसार यांत लघुरूपाची हौस मोकळेपणी दिसते. लहानशा खाटेवर गादी, तिच्यापुढे चार बोटांचा गालिचा, अशी दालनेही त्यात असतात. शिवण-भरतकामाचे संघटित शिक्षण आपल्याकडे स्त्रीशिक्षणाच्या चळवळीबरोबर आले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी त्याला स्वावलंबनाचा अर्थ दिला. रुखवताने त्याच कौशल्याला वेगळा अर्थ दिला. मुलगी किती कामसू, किती धीराची, किती वेळ मान खाली घालून बसू शकते, याचा तो पुरावा झाला. रोझिका पार्कर यांनी 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' (१९८४) मध्ये इंग्लंडच्या संदर्भात भरतकामाच्या या दुहेरीपणाकडे लक्ष वेधले आहे: स्त्रीत्वाची शिकवण देणारे साधन तेच, आणि त्या शिकवणीतून स्वतःची जागा काढण्याचे साधनही तेच.

अलीकडे रुखवत विकत मिळते, भाड्यानेही मिळते. याविषयी हळहळ व्यक्त करण्याची प्रथा आहे. ती हळहळ काहीशी फसवी वाटते. परीक्षेचे ओझे बाजारावर टाकून मुलगी मोकळी झाली असेल तर त्यात शोक करण्यासारखे काय आहे? हानी दुसरीकडे झाली आहे. तयार रुखवतातील गालिचे बहुधा छापील मखमलीचे किंवा यंत्रावर विणलेल्या पट्टीचे तुकडे असतात. त्यांची जाडी, दशा, काठ यांचा शेजारच्या खाटेशी काहीही संबंध नसतो. हाताने भरलेली वस्तू त्यांच्या शेजारी ठेवली की ती कमी चकचकीत दिसते आणि पाहुण्यांच्या नजरेतून सुटते. फरक ओळखणारी नजर कमी होत जाणे, हे हात थांबण्यापेक्षा गंभीर आहे.

ती नजर घडवण्याचे एक वेगळे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर वाढवलेले बालशिक्षणाचे कार्य सर्वश्रुत आहे. बिया, शंख, पाने, माती अशा परिसरातील वस्तूंपासून तेथे बालवाडीचे साहित्य तयार झाले. ती खेळणी वापरून झिजण्यासाठी होती. बाहुलीघरातील गालिच्याला मात्र कुणी हात लावलेला चालत नाही. तेव्हा त्याला 'खेळणे' म्हणून सवलतीने पाहणे जसे गैर, तसेच खेळण्याचा दर्जा देऊन त्याचे कौतुक करणेही गैर.

भिंतीवरचा चौक, कागदावरचे नाव

लहान मापाच्या कामाला प्रतिष्ठा मिळत नाही, असे सामान्यतः म्हटले जाते. पालघर जिल्ह्याचाच अनुभव या विधानाला छेद देणारा आहे. वारली लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर सवासिणी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. मध्ये पालघट देवी, भोवती नक्षीच्या पट्ट्यांचे काठ. धवलेरीच्या गाण्यांशिवाय तो विधी पूर्ण होत नाही. गालिच्याचा अभ्यास करणाऱ्याने हा चौक मुद्दाम पाहावा. काठामागून काठ आणि त्यांच्या आत राखलेले क्षेत्र ही रचना दोन्हीकडे आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस भास्कर कुलकर्णी या कलावंताने डहाणू भागातील ही चित्रे बाहेरच्या जगापुढे आणली आणि भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले. म्हणजे तेही लघुरूपच झाले. परंतु लहान झाल्याने त्याची प्रतिष्ठा घटली नाही, वाढली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचे नाव देशोदेशी गेले. २००९ मध्ये प्रिन्स क्लाउस पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री हे सन्मान त्यांना मिळाले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा एका थोर चित्रकाराला निरोप दिल्याची भावना सर्वत्र होती, आणि ती सार्थ होती.

मशे यांची थोरवी निर्विवाद आहे. मात्र या स्थित्यंतराचा दुसरा पदरही पाहिला पाहिजे. भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवासिणींची नावे नोंदली गेली नव्हती. कागदावर आलेल्या चित्राखाली सही आली आणि त्या टप्प्यावर प्रामुख्याने पुरुष चित्रकार पुढे आले. यशोधरा दालमिया यांच्या 'द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज' (१९८८) सारख्या ग्रंथांमुळे या चित्रांभोवती विवेचनाची भाषा तयार झाली. प्रतिष्ठा मापावर अवलंबून नव्हती. चित्र विधीपासून सुटे झाले, ते कागदावर फिरू लागले, त्याला नाव मिळाले आणि त्याविषयी कुणी लिहिले, या चार गोष्टींनी ती आली. यांपैकी भरतकामाच्या गालिच्याला पहिल्या दोन गोष्टी केव्हाच लाभल्या आहेत. तो रुखवतातून सुटा होऊन प्रदर्शनात, शोकेसमध्ये, परगावच्या नातलगाच्या घरी पोहोचला आहे. उरल्या त्या नाव आणि लेखन. (वारली आकृती आता उशांच्या अभ्र्यांवर, पिशव्यांवर यंत्राने उमटतात आणि तेथेही पुन्हा नाव नसते, हा या कथेचा पुढचा भाग होय. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

नावाचा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. ज्या विंडसर किल्ल्यात मेरी राणीचे बाहुलीघर आहे, त्याच किल्ल्याच्या वॉटर्लू दालनात जगातील अतिविशाल अखंड गालिच्यांपैकी एक अंथरलेला आहे. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तो आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी विणला. आपल्याकडे येरवड्याच्या तुरुंगातही एकोणिसाव्या शतकात असे गालिचे होत. बाहुलीघराच्या बाबतीत वास्तुविशारद, चित्रकार, लेखक यांची नावे अभिमानाने सांगितली जातात. आग्र्याच्या गालिच्याबाबत 'कैद्यांनी विणला' एवढाच उल्लेख होतो. एकाच छताखाली अतिलघू आणि अतिविशाल या दोन टोकांची कामे आहेत, आणि कुणाचे नाव टिकले याचे उत्तर त्यांच्या आकारात मिळत नाही.

इंग्लंड-अमेरिकेतील मुलींच्या जुन्या भरतकाम-नमुन्यांवर भरणारीचे नाव, वय आणि साल टाक्यांनी घातलेले असते. आपल्या रुखवतातील कापडांवर 'सुस्वागतम्' असते, 'शुभविवाह' असते, वधूवरांची नावेही असतात, पण ती विवाहाची म्हणून. ज्या ठिकाणी वधूच्या मावशीने किंवा बहिणीने सारे काम केले त्या ठिकाणी तिचे नाव कापडावर येत नाही. स्पर्धेत गालिच्याला चिठ्ठी टोचलेली असते, निकाल लागल्यावर ती काढून टाकतात, आणि वस्तू पुन्हा निनावी होते. स्पर्धांच्या संयोजकांना दोन साध्या गोष्टी करता येतील. परीक्षकाने वस्तू उलटून मागची बाजू पाहावी. तेथे दोरे कसे संपवले आहेत, एका रंगावरून दुसऱ्यावर जाताना कापड कुठे ओढले गेले आहे, ही हकीकत लपत नाही. आणि स्पर्धेच्या नियमांत भरणारीचे नाव व साल कापडावरच टाक्यांनी घालण्याची अट असावी.

या अटीवर जागेची अडचण पुढे केली जाण्याची शक्यता आहे, म्हणून तिचाही हिशेब देणे योग्य. रोमन अक्षर सात ओळींच्या उंचीत बसते. देवनागरीला शिरोरेषा आणि वर-खालच्या मात्रांमुळे बारा ओळी धरलेल्या बऱ्या. तीन-चार अक्षरी नावाला बारा ओळी आणि रुंदीत तीसेक घरे, म्हणजे ३६० टाके पुरतात. चाळीसच्या जाळीवर नऊ इंची गालिच्याची एक आडवी ओळ ३६० टाक्यांचीच असते, आणि अशा ओळी त्यात ४८० असतात. काठाच्या आतल्या अंगाला, दशांच्या बाजूने, पार्श्वभूमीपेक्षा एकच छटा गडद असा दोरा घेतल्यास ते नाव नक्षीला बाधा आणत नाही; जवळ धरून पाहणाऱ्यालाच ते वाचता येते.